ब्लाइंड फेथचा एकुलता एक अल्बम : मतं इतकी दोन टोकांची का?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी कशाचं उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. तुम्ही क्रीम हा ब्रिटिश रॉक बँड भरपूर ऐकलाय. त्यातला गिटारवादक एरिक क्लॅप्टन आणि ड्रमर जिंजर बेकर तिथून पुढे कुठे गेले हे शोधताना त्यांच्या पुढच्या बँडचा, ब्लाइंड फेथचा, १९६९ सालचा अल्बम हाती लागला. मतं वाचलीत तर कुणी त्याला अजरामर म्हणतं, कुणी नावं मोठी आणि लक्षण खोटं म्हणतं. स्वतः ऐकलात, आणि ‘कान्ट फाइंड माय वे होम’ सोडलं तर फारसं काही लागलं नाही. आता विचारताय की ऐकण्यात तुमचं काही चुकतंय का, की लोक नावांना भुललेत. आणि याच्या एलपीवर, म्हणजे दोन बाजूंच्या तबकडीवर, पैसे घालावेत का.

मी गिटार शिकवतो आणि गेली बरीच वर्षं पुण्यात रेकॉर्ड ऐकण्याच्या छोट्या बैठका घेतो. हा अल्बम तिथे पुन्हापुन्हा लागतो, आणि दर वेळी त्यावरून वाद होतो. त्या वादांतून माझं एक मत पक्कं झालंय : या अल्बमबद्दल माणूस काय बोलणार हे तो कुठून चालत आला यावर जवळजवळ ठरलेलं असतं. क्रीमकडून आलेला निराश होतो, ट्रॅफिककडून (गायक-ऑर्गनवादक स्टीव्ह विनवुडच्या आधीच्या बँडकडून) आलेला खूश होतो, आणि ज्याने दोन्ही ऐकलेलं नाही तो सहसा पहिल्या बाजूवर फिदा होऊन दुसऱ्या बाजूला चहा करायला उठतो. तुमचं ऐकणं चुकलेलं नाही. पण तुम्ही हा क्लॅप्टनचा अल्बम समजून ऐकताय, आणि तो स्टीव्ह विनवुडचा आहे.

हे म्हणणं नुसतं तिरकस बोलण्यासाठी नाही. अल्बमवर सहा गाणी आहेत. त्यातली तीन, म्हणजे ‘हॅड टू क्राय टुडे’, ‘कान्ट फाइंड माय वे होम’ आणि ‘सी ऑफ जॉय’, विनवुडची. क्लॅप्टनचं एकच, ‘प्रेझेन्स ऑफ द लॉर्ड’, आणि तेही गायलंय विनवुडने. ‘वेल ऑल राइट’ हे बडी हॉली आणि त्याच्या साथीदारांचं १९५८चं गाणं. उरलेलं ‘डू व्हॉट यू लाइक’ बेकरचं. ऑर्गन आणि पियानो विनवुडचा, मुख्य आवाज विनवुडचा, काही ठिकाणी गिटारसुद्धा त्याची. तेव्हा त्याचं वय होतं २१, आणि तोवर तो स्पेन्सर डेव्हिस ग्रुप आणि ट्रॅफिक अशा दोन बँडचे संसार करून बसला होता.

क्लॅप्टनलाही नेमकं हेच हवं होतं. नोव्हेंबर १९६८मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये क्रीमचा निरोपाचा कार्यक्रम झाला तेव्हा तो लांबलचक सोलो वाजवून कंटाळला होता. त्या वर्षी आलेल्या, ‘द बँड’ याच नावाच्या गटाच्या ‘म्युझिक फ्रॉम बिग पिंक’ या अल्बमने त्याच्या डोक्यात वेगळंच बी पेरलं होतं : गाणं आधी, वादन त्याच्या सेवेला. क्रीमच्या शेवटच्या अल्बमवरचं ‘बॅज’ ऐका. तीन मिनिटांच्या आतलं गाणं आहे, आणि गिटार स्वतःची पाळी येईपर्यंत गप्प बसते. क्रीममध्ये असतानाच तो बदलायला लागला होता. ब्लाइंड फेथमध्ये त्याला जबाबदारी वाटून घेणारा माणूस हवा होता. विनवुडशी जुनी ओळख होतीच. १९६६मध्ये ‘पॉवरहाऊस’ या नावाखाली दोघांनी थोडं ध्वनिमुद्रण एकत्र केलं होतं.

अडचण झाली ती बेकरच्या येण्याने. क्लॅप्टन बेकरला घ्यायला फारसा उत्सुक नव्हता. विनवुडला मात्र तो हवा होता. ड्रमर म्हणून विनवुडचं बरोबरच होतं. पण क्रीममधले तिघांपैकी दोघं एकत्र दिसल्यावर जगाने काय समजायचं? फॅमिली या बँडमधून रिक ग्रेच बेसवर आला आणि चौकडी पूर्ण झाली. त्याच्याकडे लोकांचं फार लक्ष जात नाही, पण ‘सी ऑफ जॉय’मधलं व्हायोलिन त्याचं आहे, आणि ते काढून टाकलं तर त्या गाण्याचं निम्मं पाणी ओसरतं.

पुढची हकीगत मतांच्या दृष्टीने महत्त्वाची, म्हणून जरा थांबून सांगतो. ७ जून १९६९ला लंडनच्या हाइड पार्कमध्ये यांचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला, फुकट, साधारण लाखभर माणसांपुढे. पहिल्याच कार्यक्रमाला लाख लोक, आणि वाजवायला जेमतेम बसवलेली गाणी. त्याचं चित्रीकरण उपलब्ध आहे, जरूर बघा. क्लॅप्टनच्या हातात टेलिकास्टर गिटारला स्ट्रॅटोकास्टर या दुसऱ्या गिटारची मान बसवलेली गिटार आहे (माझे विद्यार्थी संगीत सोडून त्या गिटारवरच अर्धा तास बोलतात) आणि तो जवळपास लपल्यासारखा वाजवतोय. बिचकलेला बँड कसा दिसतो ते कळतं. मग स्कँडिनेव्हियात थोडे कार्यक्रम झाले आणि १२ जुलैला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनपासून अमेरिकेचा दौरा सुरू झाला. अल्बम बाजारात आला ऑगस्टमध्ये. म्हणजे दौऱ्याच्या सुरुवातीला लोक जी गाणी ऐकत होते ती त्यांच्या घरात नव्हतीच. मोठमोठ्या स्टेडियमांत बसलेल्या गर्दीला क्रीम हवं होतं, आणि बँडनेही शेवटी क्रीमची, ट्रॅफिकची गाणी वाजवायला घेतली. २४ ऑगस्टला होनोलुलूत दौरा संपला आणि बँडही संपल्यातच जमा झाला. दौऱ्यात आधी वाजवणाऱ्या डेलनी आणि बॉनी यांच्या मंडळींत क्लॅप्टन जास्त रमला होता आणि पुढे त्यांच्यातच साथीला जाऊन उभा राहिला.

अल्बम मात्र अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये, दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला. ऐकणाऱ्यांची मतं फाटायला इथूनच सुरुवात झाली असं मला वाटतं. ज्यांनी घेतला त्यातल्या बऱ्याच जणांनी नावं वाचून घेतला होता. या मंडळींच्या अपेक्षा गाण्यांशी जुळल्या नाहीत, आणि त्यांच्याकडून ‘फुगवलेलं प्रकरण’ हे मत पुढच्या पिढीला मिळालं. तुलनेला क्लॅप्टनच्या पुढच्याच बँडचं उदाहरण घ्या. डेरेक अँड द डॉमिनोजनेही स्टुडिओत एकच अल्बम केला, १९७०चा ‘लायला’. तो आला तेव्हा ब्रिटनच्या खपाच्या यादीत शिरलासुद्धा नाही, कारण त्यावर क्लॅप्टनचं नाव ठळक नव्हतं. आज मान त्याला जास्त मिळतो. सुरुवातीचा खप आणि नंतरची प्रतिष्ठा इथे उलट्या दिशांनी गेली. म्हणून या अल्बमबद्दल ‘तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतला होता’ किंवा ‘तेव्हाच लोकांना कळलं होतं’ असं कुणी म्हणालं तर मी ते पुरावा म्हणून धरत नाही.

आता गाण्यांकडे. तुमची तक्रार गाण्यांबद्दल आहे, इतिहासाबद्दल नाही.

‘हॅड टू क्राय टुडे’ जवळजवळ नऊ मिनिटांचं आहे आणि पहिल्यांदा ऐकताना लांबलं असं वाटतं. माझे गिटारवाले विद्यार्थी त्याचा रिफ (पुन्हापुन्हा येणारा गिटारचा तुकडा) लगेच उचलतात आणि मग विचारतात, सोलो कुठाय? मी त्यांना हेडफोन लावायला सांगतो. शेवटाकडे दोन गिटारी डाव्या-उजव्या कानात एकमेकींत गुंतत जातात, एक वाक्य सुरू करते आणि दुसरी त्यावर चढते. एकट्याचं शौर्य ऐकायला गेलात तर हे निसटतं. मोबाइलच्या स्पीकरवर तर ऐकूच येत नाही. तुम्ही कशावर ऐकलंत ते लिहिलं नाहीत, पण निम्मी निराशा तिथेही असू शकते.

‘कान्ट फाइंड माय वे होम’ तुम्हाला आवडलंच आहे. ते का आवडलं असावं ते सांगतो, कारण बाकीच्या अल्बमची किल्ली तिथे आहे. तीन मिनिटं आणि थोडी सेकंदं. साधी बिनविजेची गिटार, खालचा जाड स्वर पायरीपायरीने उतरत जातो आणि विनवुडचा आवाज मात्र वर, अगदी कडेवर उभा. सगळ्यांनी हात आखडता घेतलाय. विशेषतः बेकरने! ज्या माणसाने क्रीमच्या ‘व्हील्स ऑफ फायर’वर ‘टोड’मध्ये सोळा मिनिटांच्या वर ड्रम बडवले, तो इथे किती हलकं वाजवतोय ते एकदा फक्त ड्रमकडे कान देऊन ऐका. हे संयमाचं वादन आवडत असेल तर तुम्ही या अल्बमचेच श्रोते आहात. बाकीची गाणी तुम्ही चुकीच्या अपेक्षेने ऐकलीत इतकंच.

‘वेल ऑल राइट’बद्दल फार बोलण्यासारखं नाही. चांगलं झालंय, पियानो छान आहे, पण हॉलीच्या मूळ गाण्यातला साधेपणा मला जास्त भावतो.

‘प्रेझेन्स ऑफ द लॉर्ड’वर मात्र बैठकीत दर वेळी दोन तट पडतात. संथ, प्रार्थनेसारखं गाणं, आणि मध्येच लय एकदम चढते, क्लॅप्टन वा-वा पेडल (गिटारचा सूर ‘वा-वा’ असा वळवणारं पायाचं यंत्र) दाबून तुटून पडतो, मग पुन्हा पहिल्या संथपणावर. काहींना हा जोड उपरा वाटतो, दोन गाणी शिवल्यासारखा. मला तो या अल्बममधला सर्वांत धीट क्षण वाटतो. क्लॅप्टनला अख्ख्या अल्बममध्ये मोकळं सोडलंय असं इथेच म्हणता येईल, आणि तो तिथे एकही सूर वाया घालवत नाही. क्रीमकडून येणाऱ्याने सुरुवात या गाण्याने करावी. क्लॅप्टनने हे स्वतः का गायलं नाही असं एकदा एकाने विचारलं. उत्तर ऐकण्यातच आहे : १९६९च्या क्लॅप्टनकडे तो आवाज नव्हता, आणि ते त्याला ठाऊक होतं.

राहिली दुसरी बाजू. ती जेमतेम २१ मिनिटांची, आणि त्यातली सव्वापंधरा मिनिटं एकट्या ‘डू व्हॉट यू लाइक’ने खाल्लेली. नकारात्मक मतांपैकी बहुतेक इथे येऊन अडतात, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याकडे मुद्दा आहे. गाण्याचा मुखडा थोडा, मग एकामागून एक ऑर्गन, गिटार, बेस आणि ड्रमचा सोलो. स्टुडिओत गाणी कमी पडल्यावर बाजू भरायला केलेलं काम असा वास त्याला येतो.

तरीही ‘भरताड’ म्हणून सोडून द्यायला मी तयार नाही, आणि इथे आपल्याकडच्या श्रोत्याला एक सोय आहे. गाणं पाच मात्रांच्या आवर्तनात आहे. ज्याने झपताल ऐकलाय त्याला पाचाचा हेलकावा अंगात असतो. त्याने टाळी धरून बसावं आणि ऑर्गनच्या सोलोमध्ये विनवुड समेला कसा येतो ते बघावं. माझ्या बैठकीला एक तबला शिकणारा मुलगा यायचा. रॉकशी त्याचा काही संबंध नाही. सगळे कंटाळून घड्याळं बघत असताना हा एकटा मांडीवर हात मारत मजेत होता. ड्रमवाले विद्यार्थीही याच गाण्यासाठी अल्बम मागून नेतात. गिटारवाले कधीच नाही. एकाच सव्वापंधरा मिनिटांबद्दल इतकी वेगळी मतं येतात ती माणसं खोटं बोलतात म्हणून येत नाहीत. माझं स्वतःचं मत : ऑर्गनचा सोलो उत्तम, गिटारचा ठीक, बेसचा अनावश्यक, ड्रमचा चांगला पण ‘टोड’ ऐकलेल्याला नवीन काही न सांगणारा. निम्म्यात कापलं असतं तर या अल्बमची कीर्ती आज वेगळी असती.

या बाबतीत आणखी एक साक्ष आहे. फेब्रुवारी २००८मध्ये क्लॅप्टन आणि विनवुड पुन्हा मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एकत्र वाजले आणि त्याचा अल्बम पुढच्या वर्षी निघाला. सुरुवातच ‘हॅड टू क्राय टुडे’ने आहे. पहिल्या बाजूची चारही गाणी त्यावर आहेत. दुसऱ्या बाजूचं एकही नाही. बेकर तिथे नव्हता, त्यामुळे त्याचं गाणं नसणं साहजिक धरू. पण ‘सी ऑफ जॉय’ वगळलं जावं याचं मला वाईट वाटतं. ते या अल्बमवरचं सर्वांत कमी ऐकलं गेलेलं चांगलं गाणं आहे, कारण लोक दुसरी बाजू लावतच नाहीत.

इथवरचं एका दमात सांगायचं तर : चार गाणी पक्की, एक बरं, एक निम्मं. अजरामर म्हणणारे ‘डू व्हॉट यू लाइक’कडे कानाडोळा करतात आणि फुगवलेलं म्हणणारे ‘सी ऑफ जॉय’पर्यंत पोचतच नाहीत.

मतं वाचताना आणखी दोन गोष्टींची काळजी घ्या. पहिली म्हणजे ‘आणखी एक अल्बम केला असता तर...’ हे उसासे. एकच अल्बम करून फुटलेल्या बँडला एक फुकटचा फायदा मिळतो : त्याचा पडलेला तिसरा-चौथा अल्बम कुणी ऐकलेला नसतो. जे झालंच नाही त्याचे गुण या अल्बमला देऊ नयेत. उलट पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. विनवुडने एकट्याचा म्हणून सुरू केलेला अल्बम ट्रॅफिकचा झाला, बेकरने एअर फोर्स नावाचा बँड काढला आणि त्यात काही काळ विनवुड आणि ग्रेचही होते, क्लॅप्टन डॉमिनोजकडे गेला. यातलं काहीच ब्लाइंड फेथसारखं वाजत नाही. चौघं वेगवेगळ्या दिशांना निघाले होते आणि वाटेत काही महिने एकत्र थांबले, असं मला ते दिसतं.

दुसरी गोष्ट आवृत्तीची. लोक मत देताना कोणती आवृत्ती ऐकली ते सांगत नाहीत, आणि इथे त्याने फरक पडतो. १९८६च्या सीडीवर शेवटी जोडलेली दोन गाणी खरं तर ब्लाइंड फेथची नाहीतच. ती ग्रेचच्या स्वतंत्र कामातली आहेत. ‘शेवटी अल्बम भरकटतो’ अशी तक्रार वाचलीत तर ही सीडी डोळ्यांसमोर आणा. २००१ची दोन डिस्कची आवृत्ती आणखी वेगळी. तिच्यावर जवळजवळ तासभराचे जॅम, म्हणजे आयत्या वेळी सुचेल तसं केलेलं वादन, आहेत. कुतूहल म्हणून ठीक, पण ‘हे लोक नुसतेच वाजवत बसायचे’ हे मत बऱ्याचदा तिथून येतं. त्याच आवृत्तीत ‘कान्ट फाइंड माय वे होम’ विजेच्या गिटारवरही आहे. तुम्हाला आवडलेलं गाणं म्हणून ते नक्की ऐका. चांगलं आहे, आणि तरी अल्बमवर बिनविजेचं का घेतलं ते अर्ध्या मिनिटात कळतं. निर्माता जिमी मिलरने अशा पसाऱ्यातून ४२ मिनिटं उभी केली. पसारा ऐकल्यावर त्याच्या कामाची किंमत वाढते.

आता पैशांचं. हे तुमच्या यंत्रणेवर आणि खिशावर अवलंबून आहे, त्यामुळे छातीठोक हो किंवा नाही म्हणणार नाही. बरा टर्नटेबल आणि स्पीकर आधीच घरी असतील तर पहिल्या बाजूसाठी एलपी घेण्यासारखी आहे. दोन्ही बाजू वीसएक मिनिटांच्या असल्यामुळे आवाजाला जागा मिळते. फक्त संग्रहात मोठी नावं असावीत म्हणून घेत असाल तर नका घेऊ, त्या पैशांत ट्रॅफिकचा १९६८चा अल्बम घ्या. जुनी प्रत बघताना मुखपृष्ठाचंही ध्यानात असू द्या. मूळ मुखपृष्ठावर एका अल्पवयीन मुलीचं छायाचित्र आहे, ते तेव्हाच आक्षेपार्ह ठरलं आणि अमेरिकेत त्याऐवजी बँडचा फोटो असलेलं मुखपृष्ठही निघालं. गाण्यांत काही फरक नाही. घरात आणि बैठकीत मी बँडच्या फोटोचीच प्रत ठेवतो आणि दुसरी घ्या असं कुणाला सांगत नाही. मूळ मुखपृष्ठाची म्हणून कुणी जास्त पैसे मागत असेल तर त्यात संगीताचा काही संबंध नाही.

विकत घेण्याआधी एक आठवडा असं करून बघा. एक दिवस ट्रॅफिकचा तो १९६८चा अल्बम ऐका. दुसऱ्या दिवशी हेडफोनवर फक्त ‘प्रेझेन्स ऑफ द लॉर्ड’ आणि ‘सी ऑफ जॉय’, दोनदा. मग ‘हॅड टू क्राय टुडे’, शेवटच्या दोन मिनिटांकडे नीट लक्ष देऊन. ‘डू व्हॉट यू लाइक’ अगदी शेवटी, टाळी धरून, आणि ऑर्गन संपल्यावर कंटाळा आला तर खुशाल बंद करा. एवढं करूनही ‘कान्ट फाइंड माय वे होम’च्या पलीकडे काही लागलं नाही, तर ते एक गाणं ठेवून पुढे चला. आणि लागलं तर इथे लिहा, कारण ‘वेल ऑल राइट’बद्दल माझ्याशी वाद घालणारं कुणीतरी मला केव्हापासून हवंय.